हाँगकाँग कांचन नागपुरात लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, कारण झाड तेव्हा फुलतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यात भरतं. सगळी उत्तरं नागपूरचं ऊन आणि नागपूरची माती धरून दिली आहेत. एकाच गोष्टीचे दोन पदर असतील तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे झाड म्हणजे आपलं रक्तकांचनच ना?

नाही, पण रक्ताचं नातं आहे. रक्तकांचन (बौहिनिया व्हेरिगाटा) आणि देवकांचन (बौहिनिया पर्प्युरिया) यांच्या संकरातून हे झालं. शास्त्रीय नाव बौहिनिया × ब्लेकियाना. मधली फुली संकराची खूण. नर्सरीत ‘हाँगकाँग ऑर्किड ट्री’ म्हणून मागितलं तरी कळतं. ऑर्किडशी मात्र त्याचा काही संबंध नाही, फुलाचा आकार तसा दिसतो एवढंच. झाड शेंगवर्गीय, म्हणजे आपट्याच्या आणि पांढऱ्या कांचनाच्या गोतावळ्यातलं.

१८८० च्या सुमारास हाँगकाँग बेटावर पोक फु लाम भागात, समुद्रकाठच्या एका पडक्या घराजवळ एका फ्रेंच मिशनऱ्याला हे झाड दिसलं. १९०८ मध्ये स्टीफन ट्रॉइट डन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि हाँगकाँगचे माजी गव्हर्नर सर हेन्री ब्लेक यांचं नाव त्याला दिलं. आईबाप कोण, हे मात्र २००५ मध्ये नक्की झालं.

२. फुलावरून तिन्ही कांचन वेगळे कसे ओळखायचे?

ताजं फूल हातात घ्या, पाकळ्या हलक्या मागे सारा आणि पुढे कमानीसारखे वाकलेले लांब पुंकेसर मोजा. तीन निघाले तर बहुतेक देवकांचन. पाच निघाले तर रक्तकांचन किंवा संकर, मग पुढच्या गोष्टी पाहा.

रक्तकांचन माघ-फाल्गुनात फुलतं आणि तेव्हा झाडावर पान जवळजवळ नसतं. संकर पानांसकट फुलतो, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. फूल १० ते १५ सेंटिमीटर, रंग गडद जांभळट गुलाबी, पाकळ्या रुंद, मधल्या पाकळीवर आणखी गडद रेघा. देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद, एकमेकींपासून सुटलेल्या, आणि बहर संकराच्या आधी संपतो.

पानावरून ठरवायला जाऊ नका. तिघांचंही पान उंटाच्या खुरासारखं दुभंगलेलं असतं. संकराचं थोडं मोठं आणि जाड, पण कोवळ्या रोपात हा फरक माळ्यालाही सांगता येत नाही.

३. चार वर्षं झाली, फुलं भरपूर येतात पण एकही शेंग नाही. परागीकरण होत नाही का?

मधमाश्यांचा दोष नाही. झाड वांझ आहे. आईबाप वेगवेगळ्या जातींचे असल्यामुळे बी धरत नाही. बहर पाच महिने टिकतो त्यालाही हा वांझपणाच मदत करतो, कारण शेंगा पोसण्यात झाडाची ताकद जात नाही. शेंगांचा कचरा अंगणात पडत नाही हा आणखी एक फायदा. रक्तकांचन दारात असलेल्यांना तो लगेच पटेल.

यातून एक गोष्ट ओघाने येते. जगात जिथे जिथे हे झाड आहे, ते पोक फु लाममधल्या त्या एका झाडाच्या फांदीपासून, फांदीच्या फांदीपासून वाढवलेलं आहे. म्हणून या झाडाच्या बाबतीत ‘बी’ आणि ‘शेंग’ हे शब्द कानावर आले की सावध व्हायचं.

४. ऑनलाइन ‘हाँगकाँग ऑर्किड ट्री सीड्स’ मिळतात, दहा बियांचं पाकीट. घेऊ का?

नको. त्यातून उगवेल ते रक्तकांचन, देवकांचन किंवा आणखी कुठलं कांचन. झाड वाईट नसेल, पण पैसे ज्यासाठी दिले ते हे नाही. कारण वर प्रश्न ३ मध्ये.

५. नर्सरीत रोप घेताना काय पाहायचं? तेव्हा तर फूलही नसतं.

दोनच प्रकारची रोपं खरी असू शकतात: गुटीचं, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून वेगळं केलेलं, आणि कलमाचं, म्हणजे दुसऱ्या कांचनाच्या रोपावर (खुंटावर) याची फांदी जोडलेलं. खोड तळापासून न्याहाळा. कलम असेल तर मातीपासून वीतभर उंचीच्या आत सांधा दिसतो: गाठ, तिरपा व्रण, किंवा खालच्या-वरच्या सालीच्या रंगात फरक. गुटीच्या रोपाला सांधा नसतो, पण पिशवीतल्या खोडाचा बुंधा काठीसारखा सरळ तुटलेला असतो आणि मुळं एकाच गोल पट्ट्यातून फुटलेली असतात. मधे जाणारं सोटमूळ नसतं. सांधाही नाही आणि सरळ खाली गेलेलं सोटमूळ आहे, तर ते बियांचं रोप. विकणारा काहीही म्हणो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पिशवीतल्या रोपालाच फूल असताना घ्यायचं आणि जूनपर्यंत सावलीत सांभाळायचं. कलमी रोप दोन-तीन फुटांचं असतानाही फुलतं. मुळं पिशवीबाहेर पडून जमिनीत शिरलेली असतील तर ते रोप सोडा. ओढून काढताना अर्धी मुळं तुटतात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचा हिशोब चुकता होतो.

६. अंगणात कुठे लावायचं? भिंतीपासून किती लांब?

भिंतीपासून किमान १० फूट, दोन झाडांमध्ये १६ ते २० फूट, वरून विजेची तार जात नसावी. झाड २० ते ३० फुटांपर्यंत जातं आणि घेर जवळजवळ तेवढाच धरतं. मुळं उथळ असतात, त्यामुळे पायाला तडा जाण्यापेक्षा फरशी उचलली जाण्याची शक्यता जास्त.

दिवसातून सहा तास थेट ऊन हवं. पण लहान रोपासाठी पश्चिमेच्या भिंतीची धग वाईट. मे महिन्यात दुपारी ती भिंत तव्यासारखी तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. पूर्वेची किंवा दक्षिण-पूर्वेची बाजू निवडा. लावायची वेळ मृगाचा पाऊस पडून जमीन दीड-दोन फूट ओलावल्यावर. जूनअखेर ते जुलै. फेब्रुवारीनंतर लावलेलं रोप नवतपा पाहीलच याची खात्री नाही.

७. आमच्याकडे चिकट काळी माती आहे. खड्डा कसा भरायचा?

नागपुरात हे झाड मरतं ते बहुतेक वेळा उन्हाने नाही, या मातीने. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. आधी मुळं गुदमरतात, मग तुटतात.

नेहमीची चूक अशी: ३ × ३ × ३ फुटांचा खड्डा खणून त्यात सगळी हलकी, भुसभुशीत माती आणि खत भरायचं. भोवतीची काळी माती पाणी पुढे जाऊ देत नाही, खड्ड्याची टाकी होते आणि ऑगस्टमध्ये रोप पिवळं पडतं. म्हणून:

खड्डा रुंद घ्या (३ फूट), खोल कमी (२ फूट). तळाशी सहा इंच जाड मुरूम. वर निघालेली काळी माती निम्मी, बाकी निम्म्यात मुरूम किंवा जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत, साधारण २० किलो. निंबोळी पेंड एक किलो मिसळा, उधईला आळा बसतो. महत्त्वाचं म्हणजे रोप जमिनीच्या पातळीत न बसवता एक फूट उंच, पसरट वरंब्यावर बसवा. कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटं तरी राहिला पाहिजे. पुरला गेला तर तिथली साल कुजते.

सेमिनरी हिल्सच्या बाजूला, टेकडीच्या उथळ मुरमाड जमिनीत उलट अडचण: पाणी थांबत नाही. तिथे वरंबा नको, खड्डा खोल घ्या आणि तळाला मुरूम टाकू नका.

८. उन्हाळ्यात पाणी किती आणि कधी?

पहिला उन्हाळा: एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दर दोन दिवसांनी १५ लिटर. दुसरा उन्हाळा: आठवड्यातून दोनदा ३० लिटर. तिसऱ्यानंतर दहा दिवसांतून एकदा, पण पोटभर. रोज तांब्याभर पाणी देण्याने मुळं वरच्या वर राहतात आणि नेमकी तीच पहिल्यांदा भाजतात.

पाणी खोडाशी ओतू नका. संत्र्याच्या बागेत करतात तसं दुहेरी आळं करा: आतलं कडं खोडापासून फूटभर, ते कोरडं ठेवायचं, पाणी दोन कड्यांच्या मधल्या चरात. चरात चार इंच पालापाचोळा किंवा तुरीच्या काड्यांचा भुसा अंथरला की काळ्या मातीच्या भेगाही कमी होतात. कोवळ्या खोडाला मार्चमध्येच चुन्याची सफेदी लावा, म्हणजे पश्चिमेच्या बाजूची साल भाजत नाही. पाऊस सुरू झाला की पाणी बंद, आणि बाहेरचं कडं फोडून टाका.

९. कूलरच्या टाकीतलं पाणी झाडाला घातलं तर चालेल का? तेवढीच बचत.

चालत नाही, निदान रोज नाही. कूलरमधून निव्वळ पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. आधीच जड असलेलं बोअरचं पाणी आठवड्याभरात आणखी खारं होतं. टाकीच्या कडेला बसलेला पांढरा थर म्हणजे तेच. ते आळ्यात गेलं की पानांच्या कडा करपतात आणि लोक ‘ऊन लागलं’ म्हणून आणखी तेच पाणी घालतात. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार नसतात, ते बिनधास्त वापरा.

१०. नवी पानं पिवळी येतात, पण शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं का?

नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात आणि शिराही हिरव्या राहत नाहीत. शेंड्याची पानं पिवळी, शिरांचं जाळं हिरवं, ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण मुळांना ते उचलता येत नाही. संत्रा बागायतदारांना हे दृश्य चांगलंच ओळखीचं आहे.

तातडीचा उपाय फवारणी: एक लिटर पाण्यात फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व १ ग्रॅम, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. द्रावण ताजंच वापरा, तांबूस झालं की त्यातलं लोह निकामी. भिंतीवर आणि फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

फेरस सल्फेट मातीत टाकणं चुनखडीत वाया जातं. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोहच घ्या, आणि पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं पाहा. स्वस्त ‘ईडीटीए’ आपल्या विम्ल (अल्कधर्मी) मातीत टिकत नाही. मात्र फवारणीपूर्वी आळं उकरून पाहा: पाणी साचून मुळं काळी पडली असतील तर लक्षणं अगदी अशीच दिसतात आणि मग औषध प्रश्न ७ मध्ये आहे.

११. रात्री पानं मिटतात. पाणी कमी आहे का?

नाही, झोपतात. दोन्ही पाळी मधल्या शिरेवर पुस्तकासारखी मिटतात आणि सकाळी उघडतात. कडक दुपारीही थोडी मिटतील. सकाळी आठलाही मलूल दिसली तरच पाण्याकडे बघा.

१२. पाच वर्षांचं झाड, हिरवंगार, पण फुलं अगदी तुरळक. का?

चार कारणं, याच क्रमाने तपासा. पहिलं, सावली: शेजारी मजला चढला आणि ऊन तीन तासांवर आलं. दुसरं, ऑगस्टनंतर केलेली छाटणी (प्रश्न १४). तिसरं, लॉनला टाकलेला युरिया. हिरवळीतल्या झाडाला तो न मागता मिळतो आणि झाड पानांवरच खर्च करतं. चौथं, झाड हे नव्हेच. बियांचं रक्तकांचन असेल तर नोव्हेंबरात वाट पाहून उपयोग नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा.

१३. शेंगवर्गीय झाड हवेतलं नत्र घेतं, मग खताची गरज काय?

सगळी शेंगवर्गीय झाडं ते करत नाहीत. कांचनाच्या मुळांवर तुरी-हरभऱ्यासारख्या गाठी येतच नाहीत. मोठ्या झाडाला जूनमध्ये २० किलो शेणखत आणि १५:१५:१५ मिश्रखत पाव किलो. सप्टेंबरात फक्त पोटॅश १०० ग्रॅम. एवढं पुरे. खत आळ्याच्या चरात, खोडाशी नाही.

१४. छाटणी कधी करायची? माळी म्हणतो दिवाळीला करतो.

दिवाळीला केली तर त्या वर्षीचा बहर कात्रीत गेला. फुलं चालू हंगामात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांना येतात. हलकी छाटणी, म्हणजे वाळकं आणि आडवं-तिडवं काढणं, बहर ओसरल्यावर मार्चअखेर. जाड फांदी कापायची असेल तर पहिले दोन पाऊस होऊ द्या. एप्रिल-मेमध्ये घेर उघडा केला तर आतल्या फांद्यांची साल उन्हाने फुटते. ऑगस्टनंतर कात्री ठेवून द्या.

जाड कापावर बोर्डो मलम लावा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, हे नेहमीचं प्रमाण. घरच्यासाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि एक लिटर. प्लॅस्टिकच्या बादलीत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको.

खरी मेहनत पहिल्या तीन वर्षांत. लाकूड ठिसूळ असतं आणि मे-जूनच्या वादळी पावसात झाड इंग्रजी ‘व्ही’सारख्या अरुंद बेचक्यातून उभं फाटतं. पाच फुटांपर्यंत एकच खोड ठेवा, वर चार दिशांना जाणाऱ्या, रुंद कोनाच्या तीन-चार फांद्या निवडा, बाकी काढा. आधाराला दोन बांबू आणि सैल काथ्या. नायलॉनची दोरी वर्षभर विसरली की खोडात रुतते, आणि पुढच्या वादळात झाड नेमकं तिथेच मोडतं.

१५. घरच्या झाडापासून गुटी कशी बांधायची?

वेळ जूनअखेर ते जुलै, हवेत दमटपणा असताना. मागच्या वर्षीची, अंगठ्यापेक्षा थोडी बारीक, उन्हातली निरोगी फांदी घ्या. टोकापासून दीड-दोन फुटांवर, पेराच्या खाली, एक इंच रुंदीची साल गोल काढा. आता सुरीच्या पाठीने उघडं लाकूड खरवडा. बोटाला बुळबुळीत लागणारा थर पूर्ण गेला पाहिजे. गुटी फसते ती इथेच: तो थर राहिला की साल पुन्हा जोडली जाते आणि मुळं फुटायचं कारणच उरत नाही.

वरच्या काठाला आयबीए (मुळं फोडणारं संप्रेरक) असलेली रूटिंग पावडर लावा. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस मूठभर गुंडाळा. पिळल्यावर थेंब पडता कामा नये, नाहीतर कुजतं. पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने बांधा, वरचं टोक जास्त घट्ट, म्हणजे पाऊस आत झिरपत नाही. सहा ते दहा आठवड्यांत मुळं प्लॅस्टिकमधून दिसतात. पांढरी मुळं तांबूस झाल्यावर खालून कापा, निम्मी पानं काढा, पिशवीत लावून सावलीत ठेवा. जमिनीत मात्र पुढच्या पावसाळ्यातच.

नुसती छाटकलमं, म्हणजे कापलेल्या फांद्या थेट मातीत लावल्या, तर बरीचशी वाळतात. पाच गुट्या बांधल्या तर दोन-तीन लागतात, असा हिशोब ठेवून सुरुवात करा.

१६. आमच्याकडे संत्र्याचे डोळे भरणारा कारागीर आहे. तो हे कलम करेल का?

हात तयार आहे, खुंट बदलायचा. संत्र्याला खुंट म्हणून वापरतात ती जंबेरी इथे चालणार नाही. रक्तकांचन किंवा देवकांचनाचं पेन्सिलीएवढं जाड, वर्षाचं रोप लागेल. डोळ्यापेक्षा पाचर कलम (खुंट चिरून त्यात पाचरीसारखी तासलेली फांदी बसवायची) सोपं पडतं. नंतरची राखण प्रश्न २० मध्ये.

१७. गच्चीवर ड्रममध्ये जगेल का?

जगेल, फुलेलही, पण उन्हाळ्यात दोन दिवस गावाला जाता येणार नाही. अर्धा कापलेला २०० लिटरचा ड्रम, तळाला बोटभर रुंदीची सहा-सात भोकं, विटांवर ठेवलेला, बाहेरून पांढरा रंगवलेला. निळा ड्रम तसाच ठेवला तर मेमध्ये कडेची मुळं शिजतात. दर दोन वर्षांनी जुलैत कडेची दोन इंच मुळं कापून माती बदला.

१८. दसऱ्याला लोक आमच्या झाडाची पानं ओरबाडून नेतात. हा आपटा आहे का?

नाही. आपटा म्हणजे बौहिनिया रेसमोसा: पान लहान, रुंदीला जास्त, खरखरीत. पण ‘सोनं’ म्हणून बाजारात कांचनाच्या फांद्याही सर्रास येतात आणि दोन पाळ्या दिसल्या की कोणी विचारत नाही. नुकसान पानांचं नाही. ऑक्टोबरात फांद्यांच्या टोकांना कळ्या धरायच्या बेतात असतात, आणि ठिसूळ फांदी ओढली की सालीसकट सोलत खाली येते. आदल्या संध्याकाळीच आतल्या बाजूची पानं कात्रीने कापून टोपलीत फाटकाशी ठेवा, झाड वाचतं. हाँगकाँगमध्ये याच पानाला ‘हुशारीचं पान’ म्हणतात आणि मुलं ते वहीत ठेवतात.

१९. कळ्यांची भाजी होते का? आणि हाँगकाँगच्या झेंड्यावरचं फूल पांढरं कसं?

भाजीसाठी आणि वैद्यांच्या कांचनार गुग्गुळासाठी वापरतात ते रक्तकांचन. या संकरासाठी तशी परंपरा नाही, तेव्हा शोभेपुरतंच ठेवा.

१९६५ मध्ये हे हाँगकाँगचं अधिकृत फूल झालं आणि १ जुलै १९९७ पासून लाल झेंड्यावर आलं. तिथे ते पांढरं आहे, कारण लाल-पांढऱ्या रंगांची जोडी ‘एक देश, दोन व्यवस्था’ दाखवते. झाडावर ते जांभळट गुलाबीच असतं. पांढरं फूल दाखवून ‘हाँगकाँगचं आहे’ म्हणणाऱ्याकडून रोप घेऊ नका.

२०. विचित्र प्रकार: एकाच झाडाच्या अर्ध्या भागाला डिसेंबरात फुलं, उरलेल्या अर्ध्याला मार्चमध्ये, आणि त्याच बाजूला शेंगा. झाड सुधारलं का?

उलट. खुंट वर आला आहे. कलमाच्या सांध्याखालून फुटलेला धुमारा वेळीच काढला नाही, तो रक्तकांचनाचा होता आणि जोमाने वाढला. शेंगा असलेल्या फांदीचा माग बोटाने खाली काढत जा. ती सांध्याच्या खाली किंवा थेट जमिनीतून निघालेली सापडेल.

पेन्सिलीएवढा धुमारा असेल तर कात्री नको. मुळाशी धरून खाली झटका देऊन उपटा, म्हणजे तळचे झोपलेले डोळेही निघतात. कापला की एकाचे तीन होतात. मनगटाएवढा झाला असेल तर एकदम काढू नका, निम्मा घेर गेला की झाड एका बाजूला कलतं आणि उरलेली बाजू उन्हात पडते. पहिल्या जुलैत त्याचा शेंडा निम्म्यावर आणा, दुसऱ्या जुलैत बुंध्याशी कापून बोर्डो मलम लावा. एवढी मोठी कापणी घरच्या अंगणातली असली तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा. शहरातल्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे.

आणि सांध्यावरचा भागच वाळून गेला, उरला तो नुसता खुंट, तर खतपाण्याने संकर परत येत नाही. तेव्हा दोनच वाटा: त्याच खुंटावर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाचर बांधायची, किंवा रक्तकांचन म्हणून ते झाड ठेवायचं.